साहेबाच्या पाठीमागचा माणूस

३ फेब्रुवारी, दुपार
नदीवर, प्रवासी धक्क्याच्या पायऱ्यांवरून

मुंगे,

हे पत्र मी टाकणार नाही, तेव्हा मायना जमला नाही तरी चालेल. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आता एकदम 'अनेक आशीर्वाद' लिहायला गेलो तर माझं मलाच हसू येईल.

या गावात मी डोळे तपासायला आलोय. तुझ्या आईला तसंच सांगून निघालो. "आपल्या गावातले डोळ्यांचे डॉक्टर संपले का?" एवढंच ती म्हणाली आणि पिशवीत दोन शर्ट जास्तीचे भरले. डोळे तपासायला किती शर्ट लागतात, हे मी काही विचारलं नाही.

डॉक्टरांना वेळ होता म्हणून सहज नदीवर आलो. इथे एक जुनं जकातघर आहे. दोन खोल्या. एकीत तिकिटाची खिडकी, दुसरीत काचेच्या पेट्यांत गंजकी कुलपं, वजनं आणि नदीचा एक पिवळा पडलेला नकाशा. बाहेर दगडी धक्का, त्यावर होड्या बांधायच्या लोखंडी खुंट्या. दोर घासून घासून खुंट्यांना माणसाच्या कमरेसारखा बाक आलाय. आणि धक्क्याच्या अगदी कडेला, नदीकडे पाठ करून, साहेबाचा पुतळा.

परकं राज्य होतं तेव्हाचा साहेब. दीड पुरुष उंच, गुडघ्यापर्यंत बूट, डाव्या हातात वही, उजव्या हातात पेन्सिल. मान वर करून जराशी कलती केलेली. ढगांनीही आपल्याला सलाम करावा अशी या गृहस्थांची अपेक्षा दिसते. खाली पाटी आहे: 'या नदीची खोली ज्याने प्रथम मोजली, त्याच्या स्मरणार्थ.' मग गव्हर्नराचं नाव, वर्गणी देणाऱ्यांची नावं. मी वाचलं आणि मनात म्हटलं, बरं.

तिकीट देणाऱ्या बाईच पहारा करतात, त्याच झाडतात आणि त्याच माहिती सांगतात. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. मी त्यांना किल्लीवाल्या बाई म्हणतो. त्या म्हणाल्या, "काका, याचा नकाशा झाला आणि इथला सगळा माल याच्या देशात गेला. पण एक आहे. आधी दरसाल दोन-तीन होड्या वाळूत रुतून बुडायच्या, माणसं जायची, ते थांबलं. आता याला शिव्या द्यायच्या की हात जोडायचे, तुम्हीच सांगा."

"तुम्ही काय करता?"

"मी खालून झाडते."

पुतळ्याच्या मागच्या बाजूला, पाण्यावर, परांची बांधलीय. वर एक बाई काम करत होती. टोपी, तोंडावर फडकं, हातात लहानसा ब्रश. चेहरा दिसत नव्हता. कोण असेल याचा मी विचार केला नाही. ती डाव्या हाताने काम करत होती, पण जगात डावखुरी माणसं काय थोडी असतात?

मागची बाजू धक्क्यावरून नीट दिसत नाही. ती बघायची तर इकडे, पन्नास पावलांवरच्या प्रवासी धक्क्याच्या पायऱ्यांवर येऊन बसावं लागतं. मी माझी जुनी दुर्बीण आणली होती. पक्षी बघायला.

साहेबाच्या पाठीला चिकटून एक ओबडधोबड गोळा आहे. शेवाळ, दगडफूल, क्षाराचं जाड कवच. पुतळा पाण्यात पडू नये म्हणून दिलेला टेकू असणार असं मला वाटलं. बाईंनाही तेच वाटत होतं, गावालाही. पण त्या परांचीवरच्या बाईने त्या गोळ्याचा खालचा वीतभर भाग साफ केला होता, आणि दुर्बिणीत मला तिथे एक पाय दिसला.

अनवाणी पाय. माणसाचा. आणि त्याचा अंगठा बाकीच्या बोटांपासून फाकून खाली आवळलेला.

मुंगे, मी दुर्बीण खाली ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा लावली. अंगठा तिथेच होता.

डॉक्टरांची वेळ टळून गेली.


५ फेब्रुवारी, संध्याकाळ
लॉजची खोली

मुंगे,

काल परत जायचं होतं. गेलो नाही. तुझ्या आईला फोनवर सांगितलं की डॉक्टरांनी थेंब घालून पुन्हा बोलावलंय. "नीट बघा हो सगळं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात काहीतरी होतं, पण ते मी सोडून दिलं.

आता खोटं पुरे. मला डोळ्यांचा काही त्रास नाही. पेपरात तुझा फोटो आला होता, 'नदीकाठच्या पुतळ्याचं जतन' अशा मथळ्याखाली. तुझ्या आईने तो कापून टेबलावर, माझ्या चहाच्या कपाखाली ठेवला. आमच्यात त्यावर एक अक्षर बोलणं झालं नाही. ते कात्रण चार दिवस माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

म्हणजे परांचीवर तू आहेस, हे मला माहीत होतं.

दोन दिवस सकाळी दहापासून तू उतरेपर्यंत मी त्या पायऱ्यांवर बसतोय. गळ्याला मफलर, डोक्यावर टोपी. काल किल्लीवाल्या बाई येऊन म्हणाल्या, "काका, पक्षी त्या बाजूला आहेत." मी म्हटलं, त्यांच्या येण्याची वाट बघतोय.

तू काय करतेस ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, दगड घासतात. घासायचा आणि धुवायचा. काल तू एका नडगीवर सहा तास होतीस. लाकडाच्या काडीने कवच सैल करायचं, पाण्याचा फवारा, मग दात घासायच्या ब्रशाने, श्वास धरून, तांदळाएवढा तुकडा. परत फवारा. मधे एकदा तू ब्रश खाली ठेवलास आणि नुसता तळहात त्या पायावर ठेवून बसलीस. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मला मान फिरवावी लागली.

आज दुपारी गुडघ्यापर्यंतचा भाग मोकळा झाला. त्या पायाखाली होडीची फळी कोरलीय, तिच्यावरून पाणी आलंय. दगडाचं पाणी! नडगीला आपटून ते दोन बाजूंना फुटलंय, आणि पोटरीमागे, जिथे कुणी कधी बघणारच नव्हतं तिथे, एक लहानसा भोवरा फिरतोय. पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायामागे असा भोवरा फिरतो, हे काठावरच्या माणसाला ठाऊक नसतं. कोरणारा पाण्यात उतरला असला पाहिजे. तिथे उभं राहून त्याने खाली बघितलं असलं पाहिजे. मी आयुष्यात देवळं पाहिली, राजवाडे पाहिले, मोठमोठ्या घुमटांखाली मान वर करून उभा राहिलो. पण असं छातीत कधी भरून आलं नव्हतं.

आणि गुडघ्याच्या बाजूने खाली जाणारी एक उभी काठी. तिच्यावर एक-एक फुटाच्या खाचा.

तो कोण आहे हे मला कळलंय. तुला कळलंय की नाही, मला माहीत नाही.

तो काठीवाला आहे. नदीची खोली मोजणाऱ्या होडीत पुढच्या टोकाला एक माणूस उभा असतो. तो खुणांची काठी पाण्यात सोडतो, तळाला टेकली की किती फूट पाणी तो आकडा ओरडतो, काठी उपसतो, पुन्हा सोडतो. मागे साहेब बसून लिहून घेतो. दिवसातून सातशे-आठशे वेळा. होडी हलत असते, म्हणून पायाच्या अंगठ्याने फळी धरावी लागते. वर्षानुवर्षं धरली की अंगठा तसाच राहतो. फाकलेला.

माझा अंगठा तू पाहिलायस. लहानपणी विचारलं होतंस, तेव्हा मी सांगितलं होतं की सायकलवरून पडलो.

एकोणिसाव्या वर्षापासून तिसाव्यापर्यंत, अकरा वर्षं मी काठीवाला होतो. तुझ्या आईच्या घरी सांगताना म्हटलं, 'नदी सर्वेक्षणात आहे, नकाशांचं काम.' नकाशे होडीत असायचे, तेवढं खरं. मग खात्याची परीक्षा दिली, टेबलावर आलो, पुढे अधिकारी झालो आणि ती अकरा वर्षं मी गाडून टाकली. आवाजसुद्धा गाडला. 'बाबा पुटपुटतात' असं तू सगळ्यांना सांगत फिरायचीस.

का गाडली, तेही लिहून टाकतो. टेबलावर आल्यावर आमच्या नदीचा छापील नकाशा पहिल्यांदा हातात आला. त्या नकाशावरचा प्रत्येक आकडा मी ओरडलेला होता. कोपऱ्यात नावं होती. सर्वेक्षकाचं, लेखनिकाचं, छापखान्याचं. होडीचंही नाव होतं, मुंगे. माझं नव्हतं.

त्या दिवशी मी ठरवलं, माझं पोर हाताने काम करणार नाही. तू पुलांच्या कचेरीत लागलीस तेव्हा मी मनात म्हटलं, आता कोनशिलेवर नाव लागेल. आणि मग एक दिवस जेवताना तू म्हणालीस, नोकरी सोडतेय, दगडाचं काम शिकायला जातेय. मी काय बोललो ते तुला पाठ असेल. "मजुरीच करायची होती तर इतकं शिकलीस कशाला?" तू विचारलंस, "मजुरीत वाईट काय आहे, बाबा?" मी म्हणालो, "तुला काय माहीत मजुरी म्हणजे काय."

सकाळी तू निघालीस तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. एकाच पानावर तासभर होतो.


६ फेब्रुवारी, संध्याकाळ
तीच खोली

मुंगे,

आज मी पायऱ्यांवर नव्हतो. तुझ्या परांचीखाली, कठड्यापाशी उभा होतो. तू वरून बघितलं असतंस तर मी दिसलो असतो. तू बघितलं नाहीस.

वरचं कवच पातळ होतं, आजच्या आज खांदे आणि मान निघाली असं किल्लीवाल्या बाईंकडून कळलं, आणि मला राहवलं नाही. डावा खांदा वर चढलेला, छाती भरलेली, मान मागे साहेबाकडे वळवलेली आणि गळ्याच्या डाव्या बाजूची शीर ताठ. कठड्यावरून पाण्याच्या बाजूला वाकलं की एवढं दिसतं; मी बघतच राहिलो. मग वर चेहऱ्याकडे बघितलं तर चेहऱ्याचा खालचा भाग नाहीच. तिथे काळ्या सिमेंटचा थापा. कुणीतरी कधीकाळी केलेली दुरुस्ती.

तेवढ्यात ते मोठे तज्ज्ञ आले. तुझे वरिष्ठ असावेत. तू खाली उतरलीस. माझ्यापासून चार हातांवर उभी होतीस आणि मी नदीकडे तोंड करून पक्षी बघत होतो.

ते म्हणाले, "काम अप्रतिम आहे. पण जबडा गेलाय. सिमेंट राहू द्या, वरून दगडाच्या रंगाचा लेप द्या, दोन ओठ काढा, संपलं."

"ओठ कसे होते ते आपल्याला कुठे माहीत आहे, सर?"

"मिटलेले. पुतळ्यांचे ओठ मिटलेलेच असतात."

"सिमेंट काढून बघू या ना. दोन दिवस द्या मला."

"काढताना उरलेला चेहरा फुटला तर? आणि परवा सकाळी वरच्या धरणातून पाणी सोडतायत. परांची उद्या संध्याकाळी उतरलीच पाहिजे. उद्या सकाळी लेप."

तू "बरं" म्हणालीस. तुझं ते 'बरं' मी ओळखतो. लहानपणी औषध पिताना म्हणायचीस.

त्या क्षणी मी वळून दोन वाक्यं बोललो असतो तर काम झालं असतं. तू तज्ज्ञांबरोबर जकातघरात गेलीस आणि मी कठडा धरून उभा राहिलो. किल्लीवाल्या बाई म्हणाल्या, "काका, चक्कर आली का?" मी म्हटलं, ऊन लागलं. ऊन नव्हतंच.

ते लोक उद्या त्याचं तोंड बंद करणार आहेत. आणि त्याचं तोंड उघडं आहे हे सगळ्या गावात एका माणसाला माहीत आहे. तो माणूस लॉजच्या खोलीत बसून न टाकायची पत्रं लिहितोय.


७ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ
किल्लीवाल्या बाईंच्या हस्ते

माननीय महोदया,

मी या स्थळाला भेट देणारा एक सामान्य नागरिक आहे. आपल्या कामात ढवळाढवळ करण्याचा माझा हेतू नाही. तथापि पुतळ्यामागील आकृतीविषयी काही माहिती आपल्या निदर्शनास आणणे मी माझे कर्तव्य समजतो.

सदर आकृती खोली मोजणाऱ्या इसमाची असून तो आकडा ओरडत आहे. काठी तळाला टेकली आहे हे त्याच्या उजव्या मनगटावरून दिसते. काठी टेकल्यावरच मनगट असे सैल पडते. टेकल्याबरोबर ओरडायचे असते. त्यासाठी श्वास पोटातून भरून घ्यावा लागतो, त्यामुळे डावा खांदा चढतो. पाण्याच्या आवाजातून आकडा मागे पोचवायचा म्हणून मान खांद्यावरून मागे फिरवावी लागते आणि गळ्याची शीर ताणते. मिटल्या तोंडाने ती शीर अशी ताणली जात नाही. आपण स्वतः करून पाहावे.

म्हणजे जबडा फुटलेला नाही. तो खाली गेलेला आहे. सिमेंट जिथे भरले आहे ती मोडतोड नसून तोंड आहे. कोणा भल्या माणसाला ते भोक वाटले आणि त्याने ते बुजवले.

मुंगे, मला हे असं लिहिता येत नाही. ही कचेरीची भाषा माझ्या हाताला लागलीय म्हणून चाललंय. अक्षर तू पहिल्याच ओळीत ओळखलं असशील.

सिमेंट मधून फोड, कडेने नको. कडेला ओठ आहेत. मधे पोकळी असेल, कारण ज्याने पोटरीमागचा भोवरा कोरला, तो तोंड वरवर कोरून सोडणारा नाही. मला हे कसं माहीत, ते या पत्रासोबतच्या तीन पत्रांत आहे. ती आता वाचू नकोस. आधी काम कर, वेळ कमी आहे.

माझ्यावर विश्वास ठेवायला तुला काही कारण नाही, हे मला कळतं. माझ्यावर नको ठेवूस. त्याच्या गळ्याच्या शिरेवर ठेव.

मी पायऱ्यांवर आहे.

बाबा


१९ फेब्रुवारी, सकाळ
घर

मुंगे,

हे पत्र मात्र टपालात टाकणार आहे. परांचीवर तू विचारत होतीस, "बाबा, बोला ना काहीतरी," आणि मी पुतळ्यासारखा उभा होतो. म्हणून जे तिथे बोलता आलं नाही ते इथे लिहितो. तू तिथे होतीस, तरी माझ्या बाजूने ते कसं दिसलं ते तुला माहीत असावं.

किल्लीवाल्या बाई पत्र घेऊन शिडी चढल्या. त्या वयात, त्या जुडग्यासकट. तू पत्र वाचलंस. मला वाटलं, आता इकडे बघेल. तू बघितलं नाहीस. तू बोट आपल्याच गळ्यावर ठेवलंस, मान खांद्यावरून मागे वळवलीस आणि तोंड उघडलंस. एकदा मिटून, एकदा उघडून. मग पत्र टोपीखाली खोचलंस आणि छिन्नी उचललीस. बरोबर मधोमध लावलीस.

लेपाचं सामान घेऊन आलेले दोघे खालीच थांबले. तज्ज्ञ आले, वर बघून ओरडले. तू उत्तर दिलं नाहीस. ते शिडीपर्यंत गेले, आणि किल्लीवाल्या बाई शिडीच्या पहिल्या पायरीवर बसून डबा उघडून जेवायला लागल्या. "खाऊन होऊ द्या साहेब, मग चढा," म्हणाल्या. एवढं सावकाश जेवणारं माणूस मी पाहिलं नाही.

साडेतीनला तू उभी राहिलीस आणि थेट माझ्याकडे बघून हाक मारलीस, "बाबा, वर या."

मी शिडी चढून आलो. तू म्हणालीस, "पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला. आईचा फोन आला होता, डोळे तपासायला येतायत, लक्ष ठेव म्हणून." आणि मी चार दिवस मफलर गुंडाळून बसलो होतो!

मग तू बाजूला झालीस आणि मी त्याला समोरून बघितलं.

ते तोंड, मुंगे. अख्ख्या चेहऱ्याचं तोंड झालेलं. ओठ ताणलेले, खालचा दात एक पडलेला. तू छोटी बॅटरी आत धरलीस. आत जीभ होती. वर उचललेली, टोक दातांमागे टेकलेलं. टाळूवरच्या वळ्यासुद्धा कोरलेल्या. सव्वाशे वर्षं त्या अंधारात कुणाची नजर जाणार नव्हती आणि कोरणाऱ्याला ते ठाऊक होतं. तरी त्याने जीभ कोरली. तिच्यावर मधली रेघ कोरली. कुठल्या माणसाने, कसली छोटी हत्यारं घेऊन, कशासाठी? त्याचंही नाव पाटीवर नाही. मला मी काय बघतोय हे समजत होतं, तरी ते माझ्यात मावत नव्हतं. माझ्यापेक्षा, माझ्या त्या अकरा वर्षांपेक्षा, रागापेक्षा ते फार मोठं होतं. मी टोपी काढली. का काढली ते मला आजही सांगता येत नाही.

तू म्हणालीस, "आता इकडून बघा." परांचीच्या टोकाला नेलंस, जिथून दोघांची डोकी एकत्र दिसतात. काठीवाल्याच्या तोंडापासून सरळ रेघ काढली तर ती साहेबाच्या उजव्या कानात जाते. ती वर केलेली, कलती मान! मी तिला शिष्टपणा म्हटलं होतं. पाटी लिहिणाऱ्यांना ती ऐट वाटली असणार. तो ऐकतोय, मुंगे. पेन्सिल कागदावर टेकलेली आहे आणि आकडा ऐकू आल्याशिवाय ती हलणार नाही. पाटीने काय वाटेल ते म्हणावं. नदी कुणी मोजली ते दगडात सरळ लिहिलेलं होतं. आपण सगळे फक्त पुढच्या बाजूने बघत होतो.

तज्ज्ञ वर आले तेव्हा रागात होते. त्यांनी त्या तोंडात बघितलं, खूप वेळ बघितलं. मग तुला म्हणाले, "मी हे बंद करायला निघालो होतो." एवढंच. खाली जाऊन त्यांनी लेपाचं सामान परत पाठवलं. त्या माणसाबद्दल माझं मत बदललं.

"काय ओरडतोय तो?" तू विचारलंस.

जिभेचं टोक दातांमागे होतं. मी तोच आकार तोंडात करून बघितला. आकडा नव्हता. "तळ" म्हणायला जीभ तशीच जाते. त्याची बोली काय होती कुणास ठाऊक, पण आमच्या होडीत काठी पूर्ण आत जाऊनही टेकली नाही की 'तळ लागत नाही' ओरडायचो, आणि टेकली की 'तळ लागला', मग आकडा. याचं मनगट सैल होतं, म्हणजे काठी टेकली होती. मी सांगितलं, "तळ लागला."

"असं पुटपुटायचे?"

अडतीस वर्षं मी तो आवाज काढला नव्हता. श्वास पोटापर्यंत घेतला, खांदा आपोआप वर गेला. तुझ्यासमोर, तज्ज्ञांसमोर, त्याच्या शेजारी उभा राहून मी ओरडलो, "तळ लागला! सव्वाबारा!" पलीकडच्या काठावर जाऊन आवाज परत आला. मधल्या प्रवासी होडीतली सगळी माणसं वळली. किल्लीवाल्या बाईंच्या हातातून जुडगा पडला. आणि तू तोंडावरचं फडकं काढून माझ्याकडे बघत होतीस, हे कोण गृहस्थ अशा नजरेने. डोळ्यांत पाणी होतं तुझ्या. माझ्या डोळ्यांचं म्हणशील, तर ते मी तपासायलाच आलो होतो.

त्या दिवशी जेवताना मी जे बोललो ते चूक होतं. ती चूक तुझ्या कामाबद्दल होती आणि माझ्या कामाबद्दलही. सहा वर्षं लागली मला एवढं एक वाक्य लिहायला.

परत आलो आणि तुझ्या आईसमोर बसलो. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "तुला लग्नाआधी एक गोष्ट सांगितली नाही. मी नकाशे काढत नव्हतो. अकरा वर्षं होडीत काठी धरून आकडे ओरडत होतो."

तिचे हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. झोपेत ओरडता. साडेअकरा, पावणेबारा, सव्वाबारा. पहिल्या वर्षी घाबरायचे. मग तुमच्या होडीतल्या एकाला विचारलं, त्याने सांगितलं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हटलं." तिने माझा शर्ट घडी करून बाजूला ठेवला. "आकडे आले की मी कूस बदलून झोपायचे. पण कधीकधी तुम्ही 'तळ लागत नाही' म्हणून ओरडायचात आणि गप्प व्हायचात. तेव्हा मात्र उठून बसायचे. पुढचा आकडा येईपर्यंत डोळा लागायचा नाही."

एकोणचाळीस वर्षं, मुंगे. आणि मला वाटत होतं, माझं कुणी लिहून घेतलं नाही.

बाबा